गाभा आणि गावकूस : कामगार-संघटनेच्या कथेची एक तपासणी

मराठीत कामगार-संघटनेची कथा नेहमी गेटच्या आतून सांगितली गेली आहे. मागण्या सादर होतात, संप होतो, टाळेबंदी होते, करार होतो किंवा फिसकटतो. पुढारी मोठा होतो किंवा बदनाम होतो. ह्या सगळ्यात 'कामगार' कोणाला म्हणायचे हा प्रश्न जणू आधीच सुटलेला असतो. माझे म्हणणे असे की, सामूहिक वाटाघाटीच्या हक्काची लढाई मागण्यांच्या यादीपासून सुरू होत नाही, ती मोजणीपासून सुरू होते. मालकाशी बोलण्याचा अधिकार कोणत्या संघटनेला, हे सभासदांच्या संख्येवर ठरते. आणि ती संख्या मोजताना कोणाला धरायचे व कोणाला वगळायचे, ही रेषा आपल्या देशात जातीने फार पूर्वीच आखून ठेवलेली आहे. आपल्या कामगार चळवळीने ती रेषा नीट पाहिली नाही. खेदाने म्हणावे लागते की, आपल्या समीक्षेनेही पाहिली नाही.

हे मी चिखलीत बसून लिहितो आहे. एका अंगाला टाटा मोटर्स, म्हणजे जुन्या माणसांची टेल्को. दुसऱ्या अंगाला तळवडे. इंद्रायणी ओलांडली की चाकणकडे जाणारा रस्ता. पहाटे पाळीला निघालेली माणसे ह्या गावात रोज दिसतात. कोण कंपनीच्या रोलवर आणि कोण ठेकेदाराचा, हे गळ्यातल्या कार्डावरून लांबूनच ओळखता येते.

१

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. त्यातील शीर्षककथा मी अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. कथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला जातो, जात लपवून राहतो, सोबतच्या कामगारांचा आदर मिळवतो. आणि जात उघडी पडते तेव्हा तेच सोबती त्याला मारतात. काही न लपवणारा काशिनाथ त्याला वाचवतो. वेदना, नकार, विद्रोह ह्या आपल्या नेहमीच्या शब्दांनी मी एकदा तास संपवीत आणला होता. रात्रपाळी करून आलेला एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, हे सगळे रेल्वेत कामाला होते ना? मग ह्यांची युनियन होती का? युनियननं काय केलं?"

वर्ग हसला. मला उत्तर देता आले नाही. हा मुलगा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ठेकेदाराकडे काम करतो. तास संपल्यावर तो म्हणाला, "आमच्याकडं उलटं आहे सर. जात कुणी विचारत नाही. कार्डाचा रंग बघतात."

त्याच्या ह्या दोन वाक्यांनी माझी समीक्षा उघडी पडली. आपण बागुलांच्या कथेत माणसाचा अपमान वाचला आणि तो वाचलाच पाहिजे. परंतु ती कथा एका कामाच्या जागेची आहे, तेथे कामगार एकजुटीची भाषा शक्य होती आणि ती भाषा जातीशी गाठ पडताच विरली, हे आपण पुरेसे वाचले नाही. मार्क्सवादी समीक्षकांनी कामगार पाहिला, त्याची जात पाहिली नाही. आपण जात पाहिली, पण हजेरीपुस्तक पाहिले नाही. दोघांच्या नजरेतून निसटला तो मस्टरवर नाव नसलेला माणूस.

२

ही रेषा कशी चालते हे पाहण्यासाठी मी मुद्दाम विमानसेवेचे उदाहरण घेतो. कारण गिरणी, गोदी, रेल्वे यांच्यापेक्षा हा उद्योग आधुनिक. येथे जुन्या गावगाड्याचा वास येणार नाही अशी कोणाचीही समजूत व्हावी. १९५३ मध्ये विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले. एअर इंडियाचे मुख्यालय मुंबईला होते. वैमानिकांची संघटना वेगळी, अभियंत्यांची वेगळी, केबिनमधील कर्मचाऱ्यांची वेगळी. ह्या उद्योगातील दोन खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. निकालपत्र हाही एक मजकूर असतो. त्यात पात्रे असतात, निवेदकाची भूमिका असते आणि गाळलेल्या जागा असतात. म्हणून त्याचे वाचन समीक्षकाने करायला हरकत नाही.

पहिला खटला नर्गिस मिर्झा यांचा, निकाल १९८१ चा. हवाई सुंदरीने पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर नोकरी जाईल, पहिल्या गरोदरपणात नोकरी जाईल, असे एअर इंडियाचे नियम होते. न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. पस्तिशीपुढे मुदत वाढवायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोडणारा अधिकारही रद्द केला. लग्नाची अट मात्र राहिली. आणि पुरुष कर्मचाऱ्यांशी तुलना करू द्यायला न्यायालयाने नकार दिला. का? तर हवाई सुंदरींचा संवर्गच वेगळा : भरतीची पद्धत वेगळी, बढतीची वाट वेगळी, सेवाशर्ती वेगळ्या. एकाच विमानात, एकाच केबिनमध्ये काम; तरी संवर्ग वेगळा. आधी संवर्ग वेगळा करायचा, मग त्या वेगळेपणाच्या आधारावर विषमतेला विषमता म्हणायचे नाकारायचे, ही युक्ती दलित वाचकाला नवी नाही. वर्णव्यवस्थेचे समर्थन ह्याच चालीने होत आले आहे.

दुसरा खटला फार थोड्यांना ठाऊक आहे. तो एअर इंडिया विरुद्ध युनायटेड लेबर युनियन असा. विमानात न बसलेल्या माणसांचा हा खटला : इमारती झाडणारे, पुसणारे, धूळ काढणारे. ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतील आस्थापनांत झाडणे, साफ करणे, धूळ काढणे आणि इमारतींची राखण ह्या कामांवर ठेका पद्धतीने माणसे लावण्यास बंदी केली होती. तरी ठेका चालूच राहिला. कामगारांनी संघटना केली आणि ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे ते जिंकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये तेथेही ते जिंकले. ठेका बंद झाला की ठेक्यावरील माणूस वाऱ्यावर सोडता येणार नाही, त्याला मूळ मालकाने सामावून घेतले पाहिजे, असे तीन न्यायमूर्तींनी सांगितले. मुख्य निकाल लिहिणारे न्या. के. रामस्वामी हे दलित समाजातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेल्या मोजक्या न्यायमूर्तींपैकी एक होते.

ह्या विजयाचे आयुष्य पाच वर्षांचेही झाले नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निर्णय उलटवला. बंदी आली म्हणून ठेका कामगार आपोआप मूळ मालकाचा कामगार होत नाही, असे ठरले. १९७६ ची अधिसूचनाही पुढील काळापुरती रद्द झाली. एक दार किलकिले राहिले : ठेका हा केवळ देखावा आहे, खरा मालक दुसराच आहे, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे पुराव्याने सिद्ध करा. त्याच २००१ साली पुण्याच्या कल्याणी स्टील्समधील कँटीन कामगारांच्या आणि मुंबईच्या सिप्लातील ठेका कामगारांच्या खटल्यांत आणखी एक दार बंद झाले. मालक-नोकर हे नाते आधी सिद्ध झाल्याशिवाय महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रारसुद्धा चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणजे अन्यायाची तक्रार करण्यापूर्वी आपण कामगार आहोत हे शाबीत करायचे. देवळात जाण्यापूर्वी आपण हिंदू आहोत की नाही ह्याचा वाद घालावा लागे, त्याची आठवण येथे झाल्याखेरीज राहत नाही.

हवाई सुंदरींचा खटला कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. झाडूवाल्यांचा खटला आहे तो 'उलटवलेला निर्णय' म्हणून तळटीपेत. दोन्ही लढती मोलाच्या. पण त्यांतील एकीला चेहरा मिळाला आणि दुसरीला नुसता क्रमांक, ह्याचा विचार साहित्याने करायचा नाही तर कोणी?

३

डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ते वाक्य आपण पाठ केले आहे. पण त्याच भाषणात त्यांनी दिलेला तपशील आपण विसरलो. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणूनच कुजतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे लागते. कापडगिरणीत जास्त पगाराचे विणकाम खाते त्याला बंद, कारण तेथे धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याच्या तोंडाचा विटाळ होतो. म्हणजे जात केवळ वस्तीत नव्हती. ती खात्यांच्या वाटणीत होती, पगारपत्रकात होती. आणि सवर्ण कामगारांच्या संघटना ह्या वाटणीबद्दल गप्प होत्या, हा त्यांचा खरा आरोप होता.

म्हणून ते संघटनेला सोडून गेले असे मात्र नाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी, मालकाने प्रातिनिधिक संघटनेला मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. ते त्यांच्या काळात पार पडले नाही. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली, पण ती कधी अंमलात आणली गेली नाही. स्वतंत्र भारताने मान्यतेचा हक्क कागदावर संमत करून कपाटात ठेवला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे.

मान्यता कोणाला, ह्या एका शब्दावर महाराष्ट्रातील मोठमोठ्या लढती झाल्या. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तेव्हा १९४६ च्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेला एकमेव प्रतिनिधित्वाचा हक्क हा वादाचा एक मुख्य विषय होता. आमच्या शेजारची टेल्को घ्या. १९८८-८९ मध्ये राजन नायर यांची टेल्को कामगार संघटना आणि कंपनी यांच्यात झगडा झाला. कंपनीने दुसऱ्या संघटनेशी पगारवाढीचा करार केला. सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना पहाटे उचलून नेले. कोणाशी बोलायचे हे मालक ठरवणार की कामगार, एवढाच प्रश्न होता.

विमान कंपन्यांतही हेच झाले. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना काढली, दोघांना कंपनीने काढून टाकले, आणि शेकडो वैमानिकांनी एकदम आजारपणाची रजा टाकली. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी तोच मार्ग धरला. पंचवीस जणांना काढले आणि तडजोडीत परत घेतले. एवढे शिकलेले, एवढा पगार घेणारे लोकही 'आमच्याशी एकेकट्याने नको, एकत्र बोला' एवढ्यासाठी आजारी पडतात, ह्यातच ह्या हक्काची किंमत कळते. वैमानिक आजारी पडला की विमान उडत नाही. झाडूवाला आजारी पडला की ठेकेदार दुसरा माणूस आणतो.

४

आता आजचा कायदा पाहू. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाट करणाऱ्या संघटनेची तरतूद देशभरासाठी केली. हे पाऊल तत्त्वतः स्वागतार्ह आहे. १९४३ ची मागणीच ती होती. पण मोजणी कशी? आस्थापनेच्या मस्टरवरील ५१ टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद, तिला एकटीला बोलण्याचा हक्क. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने ही मर्यादा ३० टक्के ठेवली होती. शिवाय निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर तोही आता संपच. आणि संपापूर्वी नोटीस सर्वच उद्योगांत सक्तीची.

ह्या तरतुदींवर कामगार संघटनांनी टीका केली आहे. माझे बोट एका वेगळ्या शब्दावर आहे : मस्टर. ठेका कामगाराचे नाव असते ते ठेकेदाराच्या मस्टरवर. शिकाऊ उमेदवार १९६१ च्या कायद्याप्रमाणे कामगारच नव्हे. म्हणजे यंत्रांच्या आवाजात एकत्र उभी असलेली माणसे मोजणीच्या कागदावर एकत्र येतच नाहीत.

दुसरी संहिता व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची. ती म्हणते, उद्योगाच्या मुख्य कामात, म्हणजे गाभ्याच्या कामात, ठेका कामगार लावू नये. ऐकायला चांगले आहे. मग गाभ्याबाहेर काय? कायद्यात यादी दिली आहे, आणि तो आस्थापनेचा स्वतःचाच धंदा नसेल तर ही कामे गाभ्यात धरली जात नाहीत. यादीच्या आरंभीच आहे स्वच्छता : झाडणे, साफ करणे, धूळ काढणे, कचरा उचलणे. पुढे राखण, कँटीन, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, धुलाई. १९७६ च्या अधिसूचनेत जे शब्द ठेक्याच्या बंदीसाठी वापरले होते, जवळजवळ तेच शब्द आज ठेक्याच्या परवानगीसाठी वापरले आहेत. झाडणे, साफ करणे, धूळ काढणे. पन्नास वर्षांत शब्द तेच राहिले, त्यांची जागा बदलली.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. झाडणे, घाण उचलणे, वेशीवर राखण करणे, ओझी वाहणे, कपडे धुणे. बलुत्यांची यादी वाचतो आहोत असा भास होतो. गावगाड्यातही ही कामे गावाला अत्यावश्यक होती. एक दिवस ती थांबली असती तर गाव सडले असते. तरी ती करणारा गावाचा नव्हता, तो गावकुसाबाहेरचा. 'गाभा' आणि 'गाभ्याबाहेर' ही आजची विभागणी त्याच विचाराची आधुनिक आवृत्ती आहे. उद्योगाला काम हवे आहे, काम करणारा सभासद नको आहे.

५

येथे एक आक्षेप येईल. मी तो माझ्याच वर्गात ऐकला आहे. आज ठेक्यावर केवळ दलित कुठे आहेत? मराठवाड्यातून आलेला मराठा शेतकऱ्याचा मुलगा आहे, धनगर आहे, माळी आहे, बिहारचा यादव आहे. मग हा जातीचा प्रश्न कसा?

आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. रेषा जातीने आखली. पण एकदा आखलेली रेषा कोणाच्या दारापाशी थांबत नाही. आधी झाडूकाम ठेक्यावर गेले, तेव्हा कायम कामगार म्हणाला, ते काम तसेच असते. मग कँटीन गेले, मग राखण, मग माल उचलणे. आज यंत्रावर उभा असलेला मुलगाही ठेकेदाराचा असतो, कारण गाभ्याच्या कामातसुद्धा, जे काम सामान्यतः ठेकेदारामार्फतच होत आले आहे तेथे ठेका चालतो, अशी पळवाट संहितेतच आहे. ज्यांनी आपल्या पोटजातीला सुरक्षित समजून गावकुसाकडे पाठ फिरवली, त्यांच्याच मुलांच्या पायाखाली आज गावकूस सरकत आले आहे. विनोबांच्या करुणेने नव्हे, स्वतःच्या हितासाठी तरी हे त्यांनी ओळखावे.

आणि आपल्या बाजूनेही एक कबुली हवी. आरक्षणाने आपल्यातले काही सरकारी मस्टरवर आले. मी स्वतः त्या मस्टरच्या आधाराने शिकलेल्या पहिल्या पिढीचा आहे. सरकारी मस्टर जसजसे आक्रसले तसतसे आपण राखीव जागांचा अनुशेष मोजत राहिलो. पण ज्या कामांना मस्टरच उरले नाही तेथे अनुशेषही मोजता येत नाही, हे आपल्याला उशिरा कळले. ठेका पद्धत ही आरक्षणावरची निःशब्द कुऱ्हाड आहे. म्हणून ठेका कामगाराची संघटना हा दलित चळवळीचा बाजूचा कार्यक्रम असू शकत नाही.

हे होऊ शकते का? होऊ शकते. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या ठेका कामगारांना कागदोपत्री 'स्वयंसेवक' ठरवले गेले होते; म्हणजे कामगार म्हणून नाकारण्याची हद्द झाली होती. कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्यांना संघटित केले. २००१ च्या निकालाने किलकिले ठेवलेले तेच अरुंद दार त्यांनी ढकलले. ठेका हा देखावा आहे हे न्यायाधिकरणात पुराव्याने सिद्ध केले, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा उचलून धरला. ह्या लढ्यात वर्षे गेली. पण आधी संघटना आली आणि मग कायदा झुकला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. एअर इंडियाच्या झाडूवाल्यांनीही हाच क्रम पाळला होता. त्यांचा निकाल उलटला, त्यांची रीत उलटलेली नाही.

कामगार संघटनांना माझे सांगणे थोडके आहे. गेटवर युनियनचा फलक लावताना आपल्या सभासद-यादीत झाडणारा, वाढणारा, राखण करणारा आहे का ते आधी पाहा. नसेल तर तो फलक अर्ध्याच कारखान्याचा आहे; आणि उद्या ५१ टक्के मोजायची वेळ येईल तेव्हा मस्टरच इतके लहान झालेले असेल की, त्या टक्क्यांना काही अर्थ राहणार नाही.

लेखक-समीक्षकांना सांगणे जास्त आहे, कारण तो दोष माझाही आहे. आपण गावकुसाबाहेरचे जग मराठी वाचकापुढे आणले. आत्मकथनांनी ते काम थोर केले. आता ते गावकूस जेथे सरकले आहे तेथे आपले लेखन गेले पाहिजे : कँटीनच्या मागच्या दाराशी, ठेकेदाराच्या टपरीतल्या हजेरीवहीपाशी, विमानतळाच्या रात्रीच्या लादीपाशी. तेथला माणूस जात चोरत नाही. त्याचे कामगारपणच चोरले गेले आहे. बागुलांच्या कथेतला काशिनाथ एकट्याने धावून आला होता. पुढची कथा अशी हवी की, एकट्या काशिनाथावर ती वेळ येऊ नये.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही. युनियनने काय केले? बागुलांच्या कथेत ती दिसत नाही. त्याच्या कँटीनमध्येही ती अद्याप नाही. ती उभी करण्यासाठी पहिली वही त्यालाच उघडावी लागेल, आणि त्या वहीत नाव घालताना कार्डाचा रंग विचारायचा नाही, एवढा एक नियम त्याने पाळला तरी तो कायदा लिहिणाऱ्यांच्या पुढे गेलेला असेल.